मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरात आलेली लक्षात ठेवावीत अशी जहाजं

खाडीवरचा (धागाकर्ता)

९ जून २०२५ ला केरळच्या समुद्रातून एकाच दिवशी दोन जहाजांच्या बातम्या आल्या. 'एमएससी इरिना' विळिंजमच्या धक्क्याला लागली. लांबी जवळजवळ ४०० मीटर, रुंदी ६१ मीटर, क्षमता २४,३४६ टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने तेवढे डबे. क्षमतेच्या बाबतीत जगातलं सर्वांत मोठं कंटेनर जहाज, आणि कॅप्टन केरळचाच. त्याच दिवशी तिथल्याच समुद्रात 'वान हाय ५०३'वर स्फोट होऊन आग लागली. बावीस माणसं होती. अठरा जणांना वाचवून 'आयएनएस सुरत'ने मंगळुरूला पोचवलं, चौघं बेपत्ता झाले.

पहिल्या बातमीचे फोटो सगळीकडे फिरले. मला दुसरी जास्त लागली. 'वान हाय ५०३' कोलंबोहून निघून आपल्या न्हावा-शेव्याला येत होती. तिच्या पोटातल्या मालाची वाट बघणारे लोक भिवंडीत, चाकणला, नाशकात बसले असणार.

बंदरातल्या जहाजांचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो "केवढं मोठं?" मला वाटतं, बंदराने लक्षात ठेवावं असं जहाज ते, ज्याच्या येण्याने किंवा न पोचण्याने इथलं काहीतरी बदललं. अशा जहाजांची नोंद मराठीत एका जागी असावी म्हणून हा धागा. मालवाहू, तेलाची, टपालाची, कुठलीही व्यापारी बोट चालेल. युद्धनौकांसाठी वेगळा धागा काढू.

दोन नोंदी माझ्याकडून.

पहिली 'ग्रेट ईस्टर्न'. त्या काळचं जगातलं सर्वांत मोठं जहाज एकदा मुंबईत येऊन गेलेलं आहे! साल १८७०. लांबी २११ मीटर. तेव्हा प्रिन्सेस डॉकसुद्धा झालेला नव्हता, तो १८८० चा. हे जहाज बांधलं होतं प्रवाशांसाठी, पण त्या धंद्यात ते तोट्यात गेलं आणि समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकायच्या कामाला लागलं. मुंबईचं ऊन सोसावं म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारीत ते इथून एडनच्या दिशेने केबल सोडत निघालं आणि त्याच वर्षी मुंबई ते इंग्लंड समुद्रातून तार जोडली गेली. खुष्कीच्या मार्गाची तार आधीपासून होती, पण तिच्यावर भरवसा नसे. लिव्हरपूलच्या कापसाच्या भावावर ज्यांचं नशीब ठरत होतं त्या मुंबईच्या व्यापाऱ्यांना ही केबल म्हणजे काय वाटली असेल, विचार करा.

दुसरी 'एस. एस. लॉयल्टी'. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीचं परदेशी मार्गावर गेलेलं हे जहाज, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिवस. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन नुकतीच स्थापन झाली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी ही माणसं त्यामागे. जहाज नवं नव्हतं. मूळची ती कॅनेडियन पॅसिफिकची 'एम्प्रेस ऑफ इंडिया', पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी ती घेऊन तिचं इस्पितळ-जहाज केलं आणि त्यांच्याकडून या मंडळींनी विकत घेतली. कंपनीच्या नावातलं 'सिंदिया' तिथलंच. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून नवख्यांना बुडवायचा तो काळ होता. त्यात ही जुनी बोट घेऊन लंडनला निघणं याला छाती लागते.

आता तुमच्याकडची लिहा.

सीमा_डोंबिवली

खूप छान धागा. मी कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात काम करते. आमच्या टेबलावर जहाज म्हणजे व्हीआयए नंबर (जहाजाच्या फेरीचा नोंदणी क्रमांक), गेट कधी उघडतंय, कटऑफ (डबे आत घ्यायची शेवटची वेळ) किती वाजता, बर्थिंग (जहाज धक्क्याला लागणं) पुढे ढकललंय का. नावं रोज तोंडात असतात, जहाज मात्र फार कमी वेळा डोळ्यांनी दिसतं.

पण एक विचारायचंय. मे २०२४ मध्ये 'एमएससी ॲना' मुंद्र्याला आली, १९,२०० टीईयूची. नंतर विळिंजमला त्याहून मोठ्या. आपलं बंदर वर्षाला ७० लाखांहून जास्त टीईयू हाताळतं, तरी ही जहाजं आपल्याकडे का येत नाहीत? आपण मागे पडतोय का? आमच्या ऑफिसात यावर रोज वाद होतात.

उधाणभरती

सीमाताई, मी बंदराच्या सागरी विभागात नोकरी करून निवृत्त झालो. जमेल तेवढं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न नेहमी अर्धवट मांडला जातो.

मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा या दोघांचा समुद्राकडचा रस्ता एकच. प्रॉंग्जच्या दीपगृहाच्या बाहेरून जो मुख्य चॅनेल आत येतो त्यातूनच इंदिरा डॉकची जहाजं जातात, जवाहर द्वीपला क्रूड घेऊन येणारे टँकर जातात आणि शेव्याची कंटेनर जहाजंही जातात. बाहेर पायलट (बंदराचा वाटाड्या) चढतो, आत टग (जहाज ओढणाऱ्या, ढकलणाऱ्या छोट्या बोटी) लागतात, आणि कोण कधी आत शिरणार हे वाहतूक नियंत्रण केंद्रातून ठरतं.

हा चॅनेल आपोआप खोल नाही. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, सगळा गाळ इकडेच आणतात. तो टप्प्याटप्प्याने खोदून आता १५ मीटर ड्राफ्टच्या (म्हणजे पाण्याखाली तेवढ्या खोल बसणाऱ्या) जहाजांना आत घेण्याजोगा केला आहे, तेही भरतीचा आधार घेऊन. मुंबईत मोठ्या उधाणाला साडेचार-पाच मीटरपर्यंत पाणी चढतं. खोल बसलेलं जहाज त्या पाण्याची वाट बघत बाहेर नांगरून राहतं, आणि भरतीची वेळ चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत थांबतं. खोदलेलं तसंच राहत नाही, ड्रेजर पुन्हा पुन्हा लावावा लागतो. विळिंजमला किनाऱ्यालगत वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली आहे आणि आंतरराष्ट्रीय जलमार्ग हाकेच्या अंतरावर. तिथे जहाज सरळ येऊन लागतं.

आता "मागे पडतोय का?" तर माझं उत्तर नाही. विळिंजमचं काम मुख्यतः एका जहाजातून उतरवून दुसऱ्या जहाजात चढवण्याचं. आपल्याकडे येणारा डबा इथेच उतरतो आणि ट्रेलरने किंवा रेल्वेने देशात जातो. कारखाने, बागा, बाजार पाठीशी असलेलं हे बंदर आहे. २४,००० टीईयूचं जहाज आलं नाही म्हणून नाशिकच्या द्राक्षांचं काही अडत नाही. त्यांचं अडतं ते रीफर प्लग (थंड डब्यांना वीज देणारी जोडणी), गेटवरची रांग आणि जहाज वेळेवर सुटणं यांवर.

नाखवा_करंजा

उधाणभरती काकांनी चॅनेलचं बरोबर सांगितलं. मी त्याच चॅनेलच्या कडेने डोल (मासेमारीचं जाळं) लावणाऱ्यांच्या घरातला. आमच्यासाठी लक्षात राहिलेलं जहाज एकच, 'एमएससी चित्रा'.

७ ऑगस्ट २०१०. 'चित्रा' शेव्याहून मुंद्र्याला निघाली होती, 'खलिजिया ३' मुंबई बंदरात येत होती. चॅनेलमध्येच टक्कर झाली. 'चित्रा' एका कुशीवर कलली आणि तिच्यावरचे डबे घसरून पाण्यात पडू लागले. बाराशेच्या वर डबे होते, त्यातले सुमारे तीनशे समुद्रात गेले. काहींत कीटकनाशकं होती. टाकीतलं तेल बाहेर आलं, शेकडो टन. तरंगणाऱ्या आणि बुडालेल्या डब्यांमुळे दोन्ही बंदरं काही दिवस बंद ठेवावी लागली. डबा पूर्ण बुडाला तर एक वेळ ठीक, अर्धवट बुडालेला डबा रात्री लहान होडीला दिसत नाही, हे लक्षात घ्या.

तेल उरणच्या, अलिबागच्या किनाऱ्याला आणि घारापुरीच्या तिवरांना लागलं. ऑगस्ट म्हणजे पावसाळ्याची बंदी संपून मच्छीमारी सुरू होण्याचा मोसम. जाळी तेलाने काळी झाली आणि मुंबईत लोक मासे घ्यायला घाबरू लागले. चिंबोरी, कालवं, बोईट हे सगळं तिवरांच्या मुळाशी वाढतं. तिथे बसलेलं तेल भरतीबरोबर परत जात नाही, ते चिखलात मुरतं.

मोठ्या जहाजांचं कौतुक मलाही आहे. लहानपणापासून त्यांच्या भोंग्यावर मी वेळ ओळखतो. फक्त यादी करताना या जहाजांच्या वाटेत आमचीही वाट आहे, हे लिहिलेलं असावं.

खाडीवरचा

नाखवा, धाग्याला हवी होती ती हीच नोंद. त्याच्या पुढच्याच पावसाळ्यातली तीन नावं जोडतो. जून २०११ मध्ये अलंगला तोडायला ओढत नेलं जाणारं 'विस्डम' सुटून जुहूला लागलं. ३१ जुलैला 'पवित' हा खलाशांनी सोडून दिलेला टँकर वाहत येऊन त्याच जुहूच्या वाळूत रुतला. आणि ४ ऑगस्टला साठ हजार टन कोळसा घेऊन जाणारं 'राक कॅरिअर' मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडालं. 'पवित'ची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. माणूस नसलेलं जहाज थेट वाळूत येऊन टेकेपर्यंत कुणी अडवलं नाही, आणि तेही २६/११ नंतर तीन वर्षांच्या आत. किनाऱ्याच्या सुरक्षेवर तेव्हा बरेच प्रश्न उठले, आणि ते उठायलाच हवे होते.

जुनी_गोदी

मी वडाळ्याच्या बीपीटी (बॉम्बे पोर्ट ट्रस्ट) कॉलनीत वाढले. तिथल्या मोठ्या माणसांच्या तोंडी एकाच जहाजाचं नाव असे, 'फोर्ट स्टिकिन'. इथे त्याची नोंद कुणी कशी केली नाही अजून!

१४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे आलं होतं. पोटात जवळजवळ १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीत चढवलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! दारूगोळ्याचं जहाज एरवी धक्क्यापासून लांब ठेवून गलबतांनी रिकामं करायचे. युद्धाच्या घाईत ते थेट गोदीत घेतलं. दुपारी कापसाने पेट घेतला, बंब आले, पाणी मारत राहिले आणि चारनंतर पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. आठशेच्या वर माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते, म्हणून १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. नंतर अनेक वर्षं गोदीच्या गाळातून सोन्याच्या विटा निघत राहिल्या.

आणि धागाकर्त्यांनी सिंदिया कंपनीचं लिहिलंय म्हणून सांगते, 'फोर्ट स्टिकिन'च्या जवळ लागलेली 'जलपद्म' सिंदियाचीच होती. सुमारे चार हजार टनांची बोट, स्फोटाने पाण्यातून उचलली जाऊन धक्क्यावर आली. तिचा फोटो पाहिलात तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही. तीच कंपनी पुढे चार वर्षांत, १४ मार्च १९४८ ला, विशाखापट्टणमला 'जलउषा' पाण्यात सोडते, पंडित नेहरूंच्या हस्ते. स्वतंत्र भारतात बांधून झालेली पहिली मोठी आगबोट. या दोन बोटी मला नेहमी एकत्र आठवतात.

पश्चिमवारा

टपाल आणि प्रवाशांच्या बोटी चालतील ना? मग पी अँड ओ कंपनीला जागा द्या. सावरकर १९०६ च्या जूनमध्ये मुंबईहून 'पर्शिया' बोटीने विलायतेला गेले. 'मोरिया' सर्वांना ठाऊक आहे, ८ जुलै १९१० ची मार्सेलिसची उडी. पण 'मोरिया'तून त्यांना मुंबईत आणलं नाही. एडनला त्यांना 'साल्सेट' या बोटीवर चढवलं आणि २२ जुलैला ती मुंबईला लागली. 'साल्सेट' म्हणजे आपली साष्टी. ही बोट खास एडन-मुंबई टपालासाठी बांधलेली होती, वेगवान, पांढऱ्या रंगाची. 'पर्शिया' आणि 'साल्सेट' या दोन्ही बोटी पहिल्या महायुद्धात पाणतीराने बुडाल्या, एक १९१५ ला क्रीटजवळ, दुसरी १९१७ ला इंग्लिश खाडीत.

आणि 'राजपुताना'. २९ ऑगस्ट १९३१ ला गांधीजी गोलमेज परिषदेसाठी याच बोटीने मुंबईहून निघाले.

सेकंड_इंजिनिअर

बोटीवरूनच लिहितोय, नेट मिळेल तसं. अलीकडच्या दोन नोंदी घ्या.

'एमटी स्वर्ण कृष्णा', शिपिंग कॉर्पोरेशनचा टँकर. ६ मार्च २०२१ ला जवाहरलाल नेहरू बंदराच्या, म्हणजे न्हावा-शेव्याच्या, लिक्विड जेटीवरून निघाला तेव्हा त्यावरच्या सगळ्या अधिकारी महिला होत्या. कॅप्टन सुनेहा गडपांडे. जहाजावर मुलगी कॅडेट म्हणून आली तर तिला "झेपेल का?" असं विचारणारे लोक मी पाहिलेत. त्यांना उत्तर म्हणून या एका टँकरचं नाव पुरतं. डेक आणि इंजिन रूम, दोन्हीकडची जबाबदारी त्यांनी घेतली होती, हे महत्त्वाचं.

दुसरं 'केम प्लुटो'. २३ डिसेंबर २०२३ ला सौदीहून मंगळुरूला क्रूड घेऊन जाताना गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशेच्या वर सागरी मैलांवर त्यावर ड्रोन आदळला. वीस भारतीय आणि एक व्हिएतनामी खलाशी, सुदैवाने सगळे सुखरूप. तटरक्षक दलाच्या 'विक्रम'च्या सोबतीने २५ तारखेला मुंबईच्या बाहेर येऊन नांगर टाकला आणि नौदलाच्या बॉम्बनाशक पथकाने तपासणी केली. लाल समुद्रातला धोका तोपर्यंत आम्हाला दूरचा वाटायचा. त्या दिवशी तो आपल्या अरबी समुद्रात आला. आमच्या घरचे लोक तेव्हापासून पुढच्या बंदराचं नाव आधी विचारतात.

सीमा_डोंबिवली

हे वाचून अंगावर काटा आला. त्या महिन्यात युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, भाडी चढली आणि आमचे निर्यातदार फोनवर ओरडत होते. जहाजावरच्या माणसांचं कुणी विचारत नव्हतं, आम्हीही नाही. काळजी घ्या दादा.

डहाणूजवळच्या वाढवणच्या नव्या बंदराबद्दलही कुणी लिहा ना.

उधाणभरती

वाढवणची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपये, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळ २६ टक्के. डहाणूच्या किनाऱ्यापासून आत वीस मीटरच्या आसपास खोली आहे, भर घालून बंदर तिथे उभं राहणार. 'इरिना'च्या मापाचं जहाज महाराष्ट्रात लागायचं तर ते तिथेच लागेल. मुंबईचा चॅनेल आणखी किती खोदणार, यालाही मर्यादा आहे, म्हणून माझा या बंदराला पाठिंबा आहे.

नाखवा_करंजा

काका, तुमच्याविषयी आदर ठेवून लिहितो. नकाशात ती वीस मीटर खोली असेल, पण डहाणू, वरोर, सातपाटीच्या लोकांसाठी तो पापलेटचा, घोळीचा, दाढ्याचा समुद्र आहे. बंदर आणि मासेमारी शेजारी नांदतील असं दर वेळी सांगतात. बंदराजवळ सुरक्षेचं क्षेत्र आखलं की लहान होडीला वळसा पडतो, वळसा पडला की डिझेल वाढतं, आणि ते कुठल्याच प्रकल्प अहवालात धरलेलं नसतं. विरोध करणारे लोक अडाणी नाहीत, त्यांनी उरणकडे बघितलंय.

उधाणभरती

डिझेलचा मुद्दा खरा आहे, नाखवा. नुकसानभरपाई एकदाच देऊन तो सुटत नाही, हे मीही मान्य करतो. वळशाचा खर्च दर वर्षी मोजून दिला पाहिजे, नाहीतर बंदराला पाठिंबा देणाऱ्या आमच्यासारख्यांच्या बोलण्याला अर्थ नाही.

नवीन_खलाशी

नमस्कार, मी अकरावीत आहे, मर्चंट नेव्हीत जायचंय. परवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना एक विचित्र जहाज दिसलं. खिडक्या नाहीत, डबे नाहीत, सरळ उभ्या भिंती. ते काय असतं?

खाडीवरचा

कार कॅरिअर, म्हणजे गाड्या नेणारं जहाज. आत बहुमजली वाहनतळासारखे मजले असतात. मागचा रॅम्प खाली पडतो आणि ड्रायव्हर गाड्या चालवत आत नेतात. मुंबई बंदरातून पुण्याकडच्या गाड्यांची निर्यात अशाच जहाजांतून होते.

यांची कंपनी नावावरून ओळखता येते. शेवटी 'लीडर' असेल तर बहुधा जपानच्या एनवायकेचं, 'एस' (Ace) असेल तर एमओएलचं, 'हायवे' असेल तर के लाइनचं. स्वीडनच्या वालेनियसची जहाजं ऑपेरांच्या नावाची, 'तोस्का', 'पार्सिफाल', 'ओटेलो'. कंटेनर जहाजांतही हे जमतं: हापाग-लॉइडच्या नावाच्या शेवटी 'एक्सप्रेस', एव्हरग्रीनच्या नावाच्या सुरुवातीला 'एव्हर', वान हायची मात्र नुसते आकडे. आपल्या शिपिंग कॉर्पोरेशनची मालवाहू 'विश्व', टँकर 'देश' किंवा 'स्वर्ण'. ग्रेट ईस्टर्न शिपिंग कंपनीची (वरच्या जुन्या जहाजाची नव्हे) सगळी 'जग'.

मांडव्याच्या रो-रोवर वरच्या डेकला उजव्या-डाव्या दोन्ही बाजू बघत जा, दुर्बीण ने आणि फोनवर जहाजांच्या जागा दाखवणारं ॲप उघडं ठेव. नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा वळवू नकोस.

सेकंड_इंजिनिअर

नवीन, 'लीडर'वरून एक नाव तुझ्या वहीत लिहून ठेव. 'गॅलेक्सी लीडर', एनवायकेने चालवायला घेतलेलं कार कॅरिअर. १९ नोव्हेंबर २०२३ ला तुर्कस्तानहून आपल्या पिपावावला रिकामं येत असताना येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. पंचवीस खलाशी, फिलिपाइन्स, बल्गेरिया, युक्रेन, मेक्सिको, रोमानिया अशा देशांचे. जानेवारी २०२५ मध्ये सुटले. चौदा महिने. या नोकरीत यायचं तर पगाराबरोबर हेही आधी वाचून ये. तरीही यावंसं वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप पाठव, कोर्स आणि सीडीसीबद्दल (खलाशाचं अधिकृत ओळखपुस्तक) सांगतो.

खाडीवरचा

'गॅलेक्सी लीडर' आणि 'केम प्लुटो' यादीत घेतली, 'फोर्ट स्टिकिन', 'जलपद्म' आणि 'साल्सेट'ही. मूळ लेखाखाली सालवार लावतोय.

न्हावा-शेवा २६ मे १९८९ ला सुरू झालं. तेव्हा तिथे क्रेनवर, लॅशिंगवर (डबे बांधायच्या कामावर), गेटवर किंवा टगवर असलेलं कुणी हे वाचत असेल तर त्या पहिल्या वर्षातल्या जहाजांविषयी नक्की लिहा. आणि नाखवा, शेवा कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ती पहिली जहाजं धक्क्याला लागताना कशी दिसली, ते विचारून इथे टाकाल का?